कापली गेलेली शेवटची ओळ

प्रिय ताई,

जयश्रीची निवड झाली. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची यादी लागली, तिच्यात तिचं नाव आहे. काल दुपारी तुझ्या जागी आलेल्या विभागप्रमुख मॅडमनी फोनवर दुजोरा दिला. तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीस का? पाहिली, ताई. दोनदा पाहिली. तुला जाऊन पाच महिने झाले, तरी ही बातमी आधी तुलाच द्यावीशी वाटली, म्हणून लिहायला बसलो.

तीन वर्षांपूर्वीचं बोईसरचं तुझं व्याख्यान आठवतं का? दर मे महिन्यात विद्यापीठातून सुट्टी मिळाली की एडवणला घरी यायचीस आणि दोन दिवसांत पालघर-बोईसरच्या पोरांना गोळा करायचीस. बी.ए.नंतर मानसशास्त्रात पुढे काय काय करता येतं, ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचीस. समुपदेशन, शाळेतलं काम, औद्योगिक, क्लिनिकल. आईला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की तू वेड्यांच्या दवाखान्यात कामाला आहेस. "पगार तरी येळेवर देतात ना?" एवढंच ती विचारायची.

त्या दिवशी कंपनीच्या गणवेशात आलेल्या एका बापाने विचारलं होतं, "मॅडम, इसमें जॉब लगता है क्या?" तू म्हणालीस, "तुमच्या कंपनीत माणसं काम करतात ना? मग लागतो." अख्खं सभागृह हसलं. मीही मागच्या बाकावर हसत आमच्या पेपरासाठी लिहून घेत होतो.

बातमी मी चांगली लिहिली होती. पण संध्याकाळी एक जाहिरात आली, पानावरची जागा कमी झाली. पान छपाईला सोडायची वेळ आली की आम्ही बातमी खालून कापतो. महत्त्वाचं ते वर, कमी महत्त्वाचं ते खाली, अशी आमची सवयच. मी तुझ्या बातमीच्या शेवटच्या तीन ओळी कापल्या आणि घरी जाऊन जेवलो.

त्या तीन ओळींत काय होतं, ते तुला पाठ होतं. नुसतं एम.ए. करून रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. त्यानंतर मान्यता असलेल्या संस्थेत दोन वर्षं प्रशिक्षण घ्यावं लागतं, नोंदणी करावी लागते, आणि तिथे जागा फार थोड्या असतात. हे सगळं गेलं. उरला मथळा. एम.ए. करा, मनाचे डॉक्टर व्हा.

वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावर जयश्रीच्या बापाने ते कात्रण लॅमिनेट करून आणलं आणि घराच्या कुडाच्या भिंतीवर लावलं. पावसावरचं थोडं भात, भात कापून झालं की वीटभट्टी, असं त्यांचं वर्ष. पोरीने बोईसरच्या एका कारखान्यात ऑफिसातली नोकरी चालून आलेली नाकारली आणि तुझ्या विभागात एम.ए.ला प्रवेश घेतला. कशाच्या भरवशावर? माझ्या बातमीच्या.

एम.ए.च्या पहिल्याच दिवशी तू वर्गात ती अट सांगितलीस, तेव्हा ती उभी राहिली. "मॅडम, पेपरात असं नाय लिहिलेलं." आणि तिने तो मथळा तुला तोंडपाठ म्हणून दाखवला.

तू मला तेव्हा ओरडली का नाहीस, ताई? लहानपणी माझ्या हातून दौत सांडली तरी कान पिळायचीस. त्या दिवशी फोनवर नुसतं म्हणालीस, "दिन्या, कापलीस तू. पण इतकी महत्त्वाची अट मी शेवटी का सांगितली? आधी सांगितली असती तर पोरं उठून गेली असती, म्हणून गोड गोड आधी सांगितलं. रविवारी येते. पाड्यावर जाऊ."

सुधारणा छापून माझं काम झालं, असं मला वाटत होतं. तुला ते पुरेसं वाटलं नाही. रविवारी त्यांच्या अंगणात खाटेवर बसून तू तिच्या बापाला सगळं पहिल्यापासून समजावलंस, काही लपवलं नाहीस. चूक कोणाची, तेही सांगितलंस. मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो. जयश्री दारात उभी होती.

तिच्या बापाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे दोन वर्सांनी पोरगी डागतर नाय?"

"नाय," तू आपल्या घरच्या बोलीत म्हणालीस. "आनखी दोन वर्सं. ती पन जागा मिळाली तर. मी शिकवीन, पन जागा मी देऊ शकत नाय."

"मग तो कागद काढू का?"

तू पर्समधून फळ्यावर लिहायचं मार्कर काढलंस. कात्रणाखाली प्लास्टिकवर रिकामी जागा होती, तिथे माझ्या कापलेल्या तीन ओळी लिहिल्यास. मग म्हणालीस, आता राहू दे.

जयश्रीने एम.ए. सोडलं नाही, ते त्या तीन ओळींमुळे, असं ती सांगते. तू तिला आधी ऐकायला शिकवलंस. पाड्यावरची बाई "जीव रमत नाय" म्हणाली तर वहीत तसंच लिहायचं, बोईसरचा कामगार "मन नहीं लगता" म्हणाला तर तसंच. आजाराचं नाव नंतर. मी तीस वर्षं लोकांची वाक्यं माझ्या भाषेत सरळ करून छापत आलो. हे मला कधी का शिकवलं नाहीस?

एम.ए. झाल्यावर पहिल्या वर्षी ती प्रशिक्षणाच्या मुलाखतीत मागे पडली. इंग्रजीत अडखळली. तू तेव्हा आजारी होतीस, तरी जानेवारीपर्यंत फोनवरून तिची तयारी करून घेत होतीस. आवाज खोल गेला होता, मध्येच थांबायचीस. मी म्हणायचो, आता पुरे कर. तू म्हणायचीस, तुझी बातमी आहे, पुरी मी करतेय. त्या बोलण्याचा मला राग यायचा. आता येत नाही.

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. तुझे विद्यार्थी, तुझं काम, सगळं वर आलं. सकाळी पेपर उघडला तर शेवटची ओळ नव्हती. 'त्यांच्या पश्चात एक भाऊ आहे.' डेस्कवरच्या नव्या मुलीने खालून कापली होती. नियमाप्रमाणेच. तू हे वाचलं असतंस तर खोकला येईपर्यंत हसली असतीस.

रविवारी मी पाड्यावर जाणार आहे. तुझी अक्षरं पुसट झालीत, जयश्रीच्या बापाने नवीन मार्कर आणायला सांगितलंय. ओळी पुसायच्या नाहीत, गडद करायच्या, असं त्याने बजावलंय. अजून दोन वर्षं आहेत म्हणे.

सोमवारी सकाळी जयश्री वाणगावहून निघेल. मंगळवारी तिचं प्रशिक्षण सुरू होईल. पुढच्या मे महिन्यात बोईसरला तुझ्या जागी ती बोलणार आहे. मी तिला सांगितलंय, अट आधी सांग, उठून जाणारे जाऊ देत. आणि तुला शब्द देतो, त्या बातमीचं पहिलं वाक्य तीच अट असेल. वरची ओळ कोणी कापत नाही.

तुझ्या पश्चात एक भाऊ,
दिन्या