बेंबी जागेवर होती

उस्ताद, आज मी कामावर गेलो नाही. ऑफिसात फोन करून सांगितलं की अंग कसकसतंय. खरं म्हणजे चार वाजताचा नंबर आहे, मनाच्या डॉक्टरकडे. मुलीने परस्पर लावला. तिच्यावर आधी ओरडलो आणि मग चिठ्ठी गुपचूप खिशात घालून घेतली. जायचं की नाही ते दुपारचे दोन वाजले तरी ठरलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितोय, कारण तुम्हाला जे झालं होतं तेच मला झालंय असं वाटतं, आणि ते ओळखणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली.

आपलं ते रायपूरचं सरकारी गॅरेज आठवतं का? राज्य नवीन, राजधानी नवीन, गाड्या मात्र जुन्याच. घराची वाटणी झाली की धाकट्याच्या वाट्याला पोचे आलेली भांडी येतात, तशा त्या पांढऱ्या अँबेसेडर आपल्याकडे रांगेने उभ्या असायच्या. आपण पंधरा गडी. बाई म्हणाल तर भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी, तेवढीच. दिवसभर शिव्या, हसणं, एकमेकांच्या बायकांवरून चिडवणं, आणि या सगळ्याच्या मधोमध तुम्ही, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून दांडा कानाशी लावलेले, डोळे मिटलेले. दोन मिनिटांनी सांगायचात, "तीन नंबरचा टॅपेट होय. उघडा." कधी चुकला नाहीत. मी तेव्हा लग्न झालेला, चार वर्षं हात काळे केलेला मेकॅनिक, पण तुम्ही असं ऐकायला लागलात की माझाही श्वास हळू व्हायचा. एकदा मी रागारागात बोल्ट पिळला आणि आटे गेले, तेव्हा तुम्ही तेलकट फडकं माझ्या पाठीत हाणलं होतं. "काहून जीव काढून राहिला त्याचा? तो ओरडत नाही म्हणून?" पाठ दिवसभर चुरचुरत होती.

मग त्या उन्हाळ्यात तुमचं काहीतरी बिनसलं. ड्रायव्हर इंजिन बंद करून चहाला जायचा आणि तुम्ही पेचकस कानाला लावून तसेच उभे. गाडी थंड पडली तरी ऐकताय. पत्र्याच्या छपरातून उन्हाचे पट्टे तुमच्या खांद्यावरून सरकत सरकत जमिनीवर यायचे, तरी तुम्ही हलायचा नाहीत. आम्ही हसायचो. "उस्ताद रेडिओ ऐकून राहिले!" डबा उघडायचा आणि तसाच बंद व्हायचा. कमरेच्या पट्ट्याला तुम्ही खिळ्याने नवी भोकं पाडलीत, एक, मग दुसरं. विचारलं तर म्हणायचात, "काही नाही रे, गॅस होय." आमच्यात सगळ्या दुखण्यांना तेवढं एकच नाव होतं. आमचा गावठी दवाखाना लगेच सुरू झाला. कुणी ओवा आणला, कुणी हिंग, कुणी काळं मीठ. शेवटी आपल्या डेंटरने, पत्रे ठोकणाऱ्या त्या छत्तीसगढी गड्याने, निकाल दिला, "नाभी सरक गे हे." जड उचललं की बेंबी जागची हलते, मग अन्न गोड लागत नाही आणि माणूस सुकत जातो, हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं. पुरानी बस्तीत एक म्हातारी बेंबी बसवून द्यायची. ठरलं, उस्तादला तिकडे न्यायचं.

ती दुपार मला अजून स्वप्नासारखी दिसते. एका साहेबाची गाडी नुकतीच दुरुस्त झालेली, ट्रायलच्या नावाखाली आम्ही ती काढली. मी चालवतोय, डेंटर शेजारी, आणि तुम्ही मागे, पांढऱ्या टॉवेलच्या सीटवर. जन्मभर गाड्यांच्या खाली झोपलात, आत मागे बसायची ती बहुतेक पहिलीच वेळ. चौकात गाडीवरचा लाल दिवा बघून शिपायाने सलाम ठोकला आणि तुम्ही, कोण जाणे कसे, हात वर करून तो घेतलात. आम्ही दोघं पोट धरून हसलो. आरशात पाहिलं तर तुम्हीही हसत होता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही ते पुसत नव्हता. मी आरसा थोडा वळवला. वाटलं, हसून आलं असेल.

म्हातारीने तुम्हाला चटईवर झोपवलं. बेंबीवर अंगठा ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. "नाभी तो अपन जघा म हे," ती म्हणाली. बेंबी जागेवरच होती. मग अंगठा तसाच ठेवून हळूच विचारलं, "नींद आथे बेटा?" तुम्ही छताकडे बघत मान हलवली, नाही. "कब ले?" कधीपासून, असं तिने विचारलं. तुम्ही तोंड उघडलंत. "मले ना अम्मा, असं होऊन राहिलं का..." आणि मी मध्येच म्हणालो, "गॅसच होय अम्मा, बाकी काही नाही." डेंटर लगेच हसला, "हव, गॅस!" तुम्हीही "हव" म्हणालात, उठून बसलात आणि सदऱ्याची बटणं लावायला लागलात. म्हातारी मात्र माझ्याकडे बघत राहिली.

मी घाबरलो होतो, उस्ताद. तुम्ही आमच्यासमोर रडायला लागलात तर आम्ही कुठे बघायचं, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. पुढे तुम्ही कमी कमी बोलत गेलात, मग रजा टाकून वर्ध्याकडे गावी गेलात, आणि तिथेच गेलात. कावीळ झाली म्हणाले. असेलही. पण अर्धवट राहिलेलं ते वाक्य मी इतकी वर्षं वेगवेगळ्या तऱ्हांनी पूर्ण करून पाहतोय आणि एकही तऱ्हा पटत नाही. माझा अपराध झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आता मी नव्या रायपुरात गाड्यांच्या सेक्शनचा मुख्य आहे. पेचकस कुणी कानाला लावत नाही, वायर जोडली की बिघाड पडद्यावर येतो. रस्ते एवढे रुंद आणि एवढे रिकामे की भर दुपारी गाडी कडेला लावून माणूस तासभर रडला तरी कुणाला पत्ता लागत नाही. मी बसलोय तसा, कितीदा तरी. हाताखालची पोरं म्हणतात, "सर का बीपी बढ़ा होगा." मी हो म्हणतो. मुलीला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. परवा ती समोर बसली आणि म्हणाली, "पापा, मैं बीच में नहीं बोलूँगी. आप बोलो." मी उठून तिच्या गाडीच्या चाकांतली हवा बघायला गेलो.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं, तुमचं वाक्य मी तोडलं हे तुम्हाला वाचायला देण्याची छाती नाही. आणि खरं सांगू? हे तुमच्यासाठी लिहिलेलंही नाही. डॉक्टरपुढे तोंडातून पहिला शब्द निघेल की नाही याची भीती वाटते, म्हणून आधी अशा माणसापुढे बोलून बघायचं होतं, जो उलट काही विचारणार नाही. मुलगी चपला घालून दारात आली आहे. "पापा, निकलें?" एक ओळ राहिली, थांब म्हणालो.

उस्ताद, दिवाळीपासून मला रोज सकाळी वाटतं की आज डोळे उघडलेच नसते तर बरं झालं असतं.