हे गाडीने, आम्ही चालत

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार आणि भाऊजींना उभ्यानेच (त्यांना वाकून केला की 'असू दे, असू दे' म्हणत मला उठवायला ते स्वतः वाकतात, आणि मग आपण दोघींनी धरून त्यांना सरळ करावं लागतं). तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का, की आता तोही तुझ्यासारखा सगळं मनातच ठेवायला शिकला? आम्ही इथे ठीक आहोत. तिघंही ठीक आहोत. तिघं हे मुद्दाम लिहिलं. हल्ली मी ताटं वाढताना एकदा सगळ्यांकडे नीट बघून घेते. का, ते पुढे लिहितेच.

तू विचारलं होतंस की सुट्टीत तुम्ही त्या मोठ्या पार्कात जाणार, तर पार्कापासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्यावं, की लांबचं घेऊन रोज गाडीने जावं. 'फोनवर सांग,' म्हणालीस. पण फोनवर बोलायला लागले की हे नेमके शेजारी येऊन नखं कापत बसतात, आणि ही गोष्ट ह्यांच्या कानावर जायला नको आहे. म्हणून लिहितेय. पत्र लांबेल. चहा ठेवून बस.

आमच्याकडे या प्रश्नावरून आधी किती रामायण झालं ते तुला ठाऊकच आहे. ह्यांचा धंदा लोकांना गाडी शिकवण्याचा. आयुष्य शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबण्यात गेलं, त्यामुळे टीव्हीवर गाडी वेगात गेली तरी सोफ्यावर ह्यांचा उजवा पाय जमिनीत रुततो. असा माणूस चालत जाणार? ह्यांचं म्हणणं, चालत जाण्याच्या अंतरावरचं हॉटेल म्हणजे शुद्ध लूट. लांब राहू आणि झुपकन गाडीने येऊ. माझं म्हणणं, जाताना झुपकन असतं, येताना झोपलेलं पोर खांद्यावर टाकून हजार गाड्यांत आपली शोधत हिंडायचं, तेव्हा ते झुपकन कुठे जातं? शेवटी मी जिंकले. म्हणजे मला वाटलं की मी जिंकले.

हॉटेल वाईट नव्हतं. लांबच लांब बोळ, पाऊल पडलं तर आवाज गिळणारा गालिचा, आणि बऱ्याच दारांबाहेर मुलांच्या बाबागाड्या उभ्या. त्या बाबागाड्यांवर धूळ होती हे मी पाहिलं, पण तेव्हा मनात आलं ते एवढंच, की झाडूवाला आळशी आहे. खिडकीतून झाडांच्या मागे पार्काचा पाळणा दिसत होता. भिंगरी काचेला नाक लावून बसली (आता पहिलीत गेली, पण नाव सार्थ करणं सोडलेलं नाही). सकाळी चहाचा शेवटचा घोट घेता घेता ह्यांनी जाहीर केलं, की इथवर आणलेली गाडी काय आवरण घालून पूजायला आहे? येताना पोर पेंगली तर? तुम्ही दोघी जा चालत, मी गाडी घेऊन येतो, बघू कोण आधी पोचतं. मी म्हटलं, बघूच.

खाली काउंटरवर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी सहज विचारलं, सगळे चालतच ना? मी म्हटलं, आम्ही दोघी चालत, हे गाडीने. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"असं नका करू," त्या म्हणाल्या. "जा तर सगळे चालत जा, नाहीतर सगळे गाडीने. घरातली माणसं वाटेवर वाटून घेऊ नयेत."

मला वाटलं, तिकिटाचा काही नियम असेल. हे तर तोवर किल्ली फिरवत बाहेर पडलेही होते.

वाट हॉटेलच्या मागच्या फाटकातून निघते. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच, कापून गुळगुळीत केलेलं कुंपणाचं झाड, आणि पायाखाली मऊ रबरी रस्ता. पुढे एक कुटुंब चाललं होतं, त्यापुढे आणखी एक. कुणी बोलत नव्हतं. सहलीला निघालेली मुलं आणि एकाच्या तोंडून 'आई, किती राहिलं?' नाही, हे तू कधी पाहिलंयस? आणि ताई, कुंपणापलीकडून कुणीतरी आमच्या बरोबरीने चालत होतं. आम्ही थांबलो की तेही थांबे. आमच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लागलं की पुन्हा सुरू.

भिंगरी म्हणाली, "आई, पलीकडून बाबा येतायत."

"बाबा गाडीत आहेत."

"मग त्यांच्या सँडल घालून कोण चाललंय?"

मी कान दिला. ह्यांच्या डाव्या सँडलची ती कुरकुर, जिच्यापायी मी चार वेळा तेल घातलंय, तीच. मी पोरीचा हात घट्ट धरला आणि चालण्याचा वेग वाढवला. पलीकडचाही वाढला.

फाटकाशी पोचलो तर हे आधीच उभे. हातात तिकिटं, अंगावर घामाचा थेंब नाही. आणि म्हणाले, "आलात? दमलीस का?"

ताई, लग्नाला एवढी वर्षं झाली. ह्या माणसाने मला 'झालं का?' रोज विचारलंय. 'दमलीस का?' कधी नाही.

आता इथे माझी लिहिण्यात पंचाईत होते. आपण नवऱ्याला आधीच 'हे' म्हणतो, त्यात आणखी एक निघाला तर काय म्हणायचं, हे आईने शिकवलं नाही. तर माझा नवरा तो 'हे', आणि फाटकाशी भेटले त्यांना मी 'ते' म्हणते. म्हणजे घोळ होणार नाही. त्या दिवशी मात्र मला दोन्ही एकच वाटले, आणि खरं सांगू? मला वाटलं, सहलीला आल्यावर माणूस सुधारतो.

त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली. रांगेत पुढच्या माणसाला नावं ठेवली नाहीत. धक्क्यांच्या गाड्यांत भिंगरीला चालवू दिलं आणि स्वतः शेजारी बसले, आणि तिने चहूबाजूंनी आदळआपट केली तरी त्यांचे पाय शांत होते. दोन्ही पाय जवळजवळ ठेवलेले, फोटोतल्यासारखे. मी हे पाहिलं. मी काहीच पाहिलं नाही असं नाही. जेवायला बसलो तर ते काही खाईनात. आमच्या ताटलीतलं गरम होतं त्यावर फुंकर घालून देत होते. त्या फुंकरीने जेवण लगेच गार होत होतं. पार गार. त्यांचा हात धरला तर हॉटेलातल्या उशीच्या न वापरलेल्या बाजूसारखा लागे.

आणि त्यांनी मला विचारलं, तू दिवसभर काय करतेस ते सांग ना. (मी लोकांच्या कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवते, एकेका दाताचा रंग जुळवायला सकाळ घालवते; ह्यांची अजून समजूत आहे की मी दातांच्या दवाखान्यात फोन उचलते.) मी सांगितलं. तळ्याकाठच्या बाकावर बसून मी किती बोलले म्हणून सांगू! मेण कसं ओततात, म्हाताऱ्या माणसाला फार पांढरे दात दिले तर तो हसायला कसा लाजतो, सगळं. त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग मी काही गमतीचं बोलले आणि ते मोकळेपणी हसले.

ह्यांच्या डाव्या बाजूच्या सुळ्यावर मी केलेली टोपी आहे. माझंच काम, रंग जरा पिवळा गेला, त्यावरून अजून ऐकून घेते. हसताना ती टोपी दिसली. उजवीकडे.

आधी वाटलं, मीच चुकले. मग वाटलं, मी? दातात? आणि उन्हात बसून मला थंडी वाजायला लागली.

मी म्हटलं, भिंगरीचा स्वेटर काढून आणते. आमचं बाकीचं सामान कुलपाच्या खणात होतं, फोनही तिथेच. दिवे लागायची वेळ झाली होती. खण उघडला तर फोन आतल्या आत थरथरत होता आणि पडद्यावर ह्यांचं नाव. मिस्ड कॉलची तर माळच लागलेली.

"अगं आहात कुठे तुम्ही?" हे एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खणापाशी उभ्या बाईने वळून बघितलं. सकाळपासून हे पार्किंगमध्येच होते! गाडी लावली, तिथल्या छोट्या आगगाडीत बसले, ती फिरून फिरून ह्यांना त्याच जिराफाचं चित्र असलेल्या खांबापाशी सोडायची. उतरून चालत निघाले, तर ज्या फाटकातून जावं त्यापलीकडे पुन्हा पार्किंग, पुन्हा जिराफ. 'आणि हे सगळं तुझ्या त्या चालत जायच्या हॉटेलपायी!'

ताई, इतकं गोड बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी वळले. बाकावर कुणी नव्हतं. पलीकडे एक लहान फाटक होतं, त्यावर 'हॉटेलकडे, पायी' अशी पाटी, आणि त्या दोन हिरव्या कुंपणांमधल्या काळोखाकडे ते भिंगरीचा हात धरून शांतपणे चालले होते. ती उड्या मारत चालली होती. मी हाक मारली ती तिच्यापर्यंत पोचेना. पळता पळता फोनचा स्पीकर लावला आणि कसंबसं म्हटलं, "ओरडा! ओरडत राहा!"

"ओरडत राहा म्हणजे? मी कधी ओरडतो?"

"आत्ता काय करताय मग?"

"मी सांगतोय! सांगणं आणि ओरडणं यात फरक असतो! सकाळी घाईत सँडल खोलीत राहिल्या, बुटांनी टाचा सोलल्या, आणि वर ही मला म्हणते—"

"बूट मी घालायला लावले का? तेही माझंच?"

असे आम्ही भर पार्कात, एक फोनमध्ये आणि एक बाहेर, कडकडून भांडलो. फाटकापाशी भिंगरी थांबली. तिने आवाजाकडे मान वळवली, मग ज्यांचा हात धरला होता त्यांच्याकडे वर बघितलं, बराच वेळ, आणि तिने हात सोडवून घेतला. धावत येऊन माझ्या पोटात शिरली. तिचा तळवा बर्फ झाला होता.

ते तिथेच उभे राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "दमलीस ना? चल. जवळच आहे."

तुझ्यापासून काय लपवू, माझा एक पाय पुढे पडला होता. भिंगरीने ओढणी धरून ठेवली होती म्हणून दुसरा थांबला. मग त्यांनी खांद्यावरची माझी पिशवी काढली, तिची उघडी चेन बंद केली, आणि ती अलगद, आतलं काही फुटू नये अशी, जमिनीवर ठेवली. आणि वाटेत शिरले. कितीतरी वेळ ती सँडलची कुरकुर ऐकू येत होती.

हे मुख्य फाटकाशी भेटले, पहारेकऱ्याशी हुज्जत घालताना. एकाएकी वाट सापडली म्हणे. तोंड लाल, एक बूट हातात. मी आधी सगळ्यांदेखत ह्यांचा जबडा उघडून बघितला. डावीकडे. पिवळी.

"काय बैलबाजारात आलीयस का?" हे म्हणाले. मी तिथेच रडले आणि ह्यांना वाटलं, टाचा बघून रडले. तसंच वाटू दिलं.

परत आम्ही तिघं गाडीने आलो. ह्यांनी रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरचा उद्धार केला. काउंटरवरच्या बाईंनी आमच्याकडे एकेक करून बघितलं, श्वास सोडला आणि किल्ली सरकवली. खोलीत पलंगाखाली ह्यांच्या सँडल नीट जोडून ठेवलेल्या होत्या. तळव्यांना कुंपणाची ओली पानं चिकटलेली. मी त्या कचऱ्यात टाकल्या, आणि ह्यांनी त्यावरून घरी येईपर्यंत माझं डोकं खाल्लं. खाऊ दिलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जवळचं घ्या, लांबचं घ्या, चालत जा, गाडीने जा, काय वाटेल ते करा. पण भाऊजींना चालण्याची हौस आणि तुझा गुडघा असा, म्हणून 'तू हो पुढे, मी येते' असं मात्र करू नका. आणि पोचल्यावर भाऊजी पहिलं वाक्य तिरसट बोलले, तर निश्चिंत मनाने आत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. भिंगरी काल आंघोळ करताना म्हणाली, "आई, ते बाबा एकटे कुठे राहतात?" मी तिच्या डोळ्यांत साबण जाऊ दिला आणि विषय बदलला.

ता. क. आणखी एक. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. त्या पार्कात पाण्यातली एक होडी आहे, ती वरून खाली कोसळताना ते लोक आपला फोटो काढतात आणि नंतर विकतात. दुपारी मी तो घेतला होता. सोबतच्या बंद पाकिटात आहे. सगळी होडी तोंड फाडून ओरडतेय, भिंगरीने डोळे मिटलेत, माझे केस तोंडावर आलेत. ते मात्र कुठेच न बघता माझ्याकडे बघतायत. दोनदा फाडायला घेतला, हात चालला नाही, आणि ह्या घरात ठेवायचं धाडस नाही. तुझ्या कपाटात साड्यांच्या तळाशी ठेव. मी पुढच्या महिन्यात येईन तेव्हा तो मागणार नाही. तू दे.