दोन्ही वाट्यांत पेढा

आई,

तू ओटीभरणासाठी आळीतल्या बायांना बोलवायला गेलीस, म्हणून चिठ्ठी ठेवतेय. मी रिक्षाने शहापूरला चाललेय, चारच्या आत येते. ओटीचे तांदूळ निवडून सुपात ठेवलेत.

वहिनीपुढे ठेवायच्या झाकलेल्या वाट्या मी उघडून बघितल्या. दोन्हीत पेढा! पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, मग बर्फी गेली कुठं? मला वाटलं, हे गिरजाआत्याचंच काम. भांडायला निघालेच होते, तर वहिनी म्हणाली, "मीच ठेवलेत गो. मनस्वी पोटात होती तेव्हा बर्फी निघाली, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. आता तिला समजतं. तिच्यासमोर परत तसं नको."

आई, तुझंपण तोंड उतरलेलं? आणि माझ्या वेळी गं? मला एवढा राग आलाय ना!

दोन्ही पेढे मी खाल्ले. आता शहापूरहून बर्फी आणून दोन्ही वाट्यांत तीच ठेवणार. वहिनीला विचारलंय, ती चक्क हसली. आत्याला काय सांगू नकोस. मनस्वी तिथंच बसलेली असेल. बर्फी निघाली की पहिली टाळी तुझी पाहिजे, आणि जोरात.

अंजू