डाव्या बटणावरची टेप

३ जून
मी नाही म्हणाले. सरळ तोंडावर.

सुरक्षा मोहिमेच्या बाई आज छापखान्यात आल्या होत्या. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली – अपघाताला दोन वर्षं झाली, खुर्ची आज! बाई म्हणाल्या, "तुमच्या अनुभवातून हजारो कामगार शिकतील." पोस्टरवर मी, माझा डावा हात आणि खाली ओळ : 'एक क्षण माझं लक्ष चुकलं.'

माझं लक्ष कागदावरच होतं. मालक म्हणाले, "विचार करा, सक्ती नाही." म्हणताना दाराकडे बघत होते.

५ जून
शेवटी मी हो म्हणाले. नोकरी टिकवायची तर काय करणार? पण बाईंना आधी सगळं ऐकवलं. कटिंग मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही, म्हणजे हात पात्याखाली राहायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे डाव्या बटणावर टेप. ते कायमचं दाबलेलं. उजव्याने दाबायचं, डाव्याने गठ्ठा सरळ करायचा. काम दीडपट होतं. त्यातच माझी तीन बोटं गेली.

बाईंनी मान डोलावली. वहीत मात्र काही लिहिलं नाही. "हे जरा तांत्रिक होतं हो. लोकांना माणूस भिडतो."

आणि टेप काय आभाळातून पडते?

८ जून
फोटो काढले. मशीनपाशीच उभं केलं, हात पुढे धरायला लावला. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा उदास बघा ना." म्हटलं, उदास बसायला मला पगार मिळत नाही. तो ओशाळला.

मशीनवर माझ्या जागी आता धाकटी नणंद असते. फोटो होईपर्यंत तिला बाजूला उभं केलं होतं. मीच तिला इथे कामाला चिकटवलं. मला तपासणीच्या टेबलावर बसवल्यावर जागा रिकामी होती, मीच शब्द टाकला. अक्कल गहाण ठेवली होती बहुतेक.

९ जून
डबा खाताना नणंदेला म्हटलं, टेप काढून टाक.

"काढली तर दिवसाचे गठ्ठे कोण पुरे करणार? तू?" मग घास चावत म्हणाली, "वहिनी, पहिल्यांदा लावली कुणी गं ती?"

"मी काय बघत बसले होते?" म्हटलं नि डबा धुवायला उठले.

बोलताना ती दोन्ही हात नाचवते. मला बघवत नाही. भीती वाटते.

१३ जून
पोस्टर आमच्याच छापखान्यात छापायचं ठरलं. म्हणजे शेवटचं प्रूफ माझ्याच टेबलावर! काना-मात्रा बघायची, 'छापा' लिहायचं, सही करायची. एवढंच माझं काम.

ओळ तीच. एक अक्षर बदललं नाही. फोटो मोठा, हात मधोमध. आणि माझ्या कोपरामागे डावं बटण. वर तपकिरी टेप. बोटांचे शाईचे डागसुद्धा स्पष्ट.

बाईंना दिसलं नाही, मालकांना दिसलं नाही. फोरमनला तर ती रोज बघून बघून दिसेनाशीच झालीय. सगळ्यांचे डोळे माझ्या तुटक्या बोटांवर.

चूक दिसली की तिला गोल करायचा, असा आमचा नियम. पेन उचललं. ठेवलं. ओळ खोटी आहे, फोटो खरा आहे. 'छापा' लिहिलं आणि सही ठोकली.

१४ जून
चार हजार प्रती. कोपरा स्वच्छ आलाय.

१९ जून
पोस्टर कारखान्या-कारखान्यांत लागलं. अजून कुणाची ट्यूब पेटलेली नाही. उद्या आमच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. भाषण दहा ओळींचं, बाईंनीच लिहून दिलंय. फोरमन म्हणाला, "एवढंच वाच, जास्त शहाणपणा नको."

वाचला कागद. त्यात मी तीनदा माफी मागितलीय!

२० जून
कागद घडी करून खिशात घातला. म्हटलं, माझा हात बघून झाला असेल तर आता पोस्टरचा कोपरा बघा. आधी लोक हसले, मग एकेक जण पुढे येऊन ती टेप बघू लागला. मालक बसल्या जागेवरून म्हणाले, "टेप लावली कुणी, तेही सांगा की."

सांगितलं. गुंडाळी फोरमनने दिली, दातांनी तोडून चिकटवली मी. गठ्ठे सगळ्यांत जास्त माझेच निघायचे, मला बरं वाटायचं. दोन वर्षांत नवऱ्याला सांगितलं नव्हतं, या वहीलाही नाही.

खाली उतरले तर नणंद गर्दीत नव्हती. मशीनपाशी उभी राहून नखांनी टेप खरवडत होती.