ब्रेडच्या कडा

अण्णा, उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाचा ब्रेड कापायचं काम माझ्याकडे आलंय. तुमची सुरी माझ्याकडेच आहे हे पाळकांना कुणीतरी सांगितलं असणार. मी नको म्हणाले नाही.

तुम्ही हे काम शनिवारी दुपारी करायचात. अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यातून सायकलवर यायचात, भुवयांत सुताचे तंतू अडकलेले. कोपरापर्यंत हात धुवायचात आणि स्वयंपाकघरात पाटावर बसायचात. ती सुरी दुसऱ्या कशाला लावायची नाही. आईने एकदा त्या सुरीने कांदा चिरला, तर तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हतात. प्रभूच्या मेजावर नुसता पांढरा मऊ भाग जायचा, बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करून. उरलेल्या कडा तुम्ही बशीत घालून माझ्याकडे सरकवायचात आणि मी त्या चहात बुडवून खायची. तुम्ही मला आयुष्यात हौसेने काही दिलं असेल, तर त्या कडा.

मी एकोणीस वर्षांची होते. मैत्रिणीबरोबर गड्ड्याच्या यात्रेला गेले. सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता अख्खं सोलापूर टाकतं, मीही टाकल्या. घरी येऊन मीच तुम्हाला सांगितलं, केसांतले तांदूळ झटकत, हसत. "एवढं हसण्यासारखं काय हाय त्यात?" एवढंच बोललात. मारलं नाहीत, ओरडला नाहीत. पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी ब्रेड कापलात, बशी नेहमीसारखी सरकवलीत. "खा की, च्या गार व्हतोय," म्हणालात. मला वाटलं, विषय मिटला. मी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तुम्ही पंच म्हणून ब्रेडचं तबक घेऊन बाकांच्या रांगेतून येता आहात. माझा हात पुढे झालाय. तुम्ही तबक माझ्यासमोरून उचलता, शेजारच्या मावशींपुढे धरता आणि म्हणता, "हिला न्हाय." हळू नाही. गाणं नुकतंच संपलेलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. आईने मान वर केली नाही. बाहेर चपला घालताना मावशींनी सांगितलं, पंचांच्या बैठकीत अक्षतांवरून माझं नाव तुम्हीच काढलंत आणि ठरावही तुमचाच. बैठक शुक्रवारी झाली होती. म्हणजे बशी सरकवताना तुम्हाला सगळं माहीत होतं. तबकाचं मी एकवेळ समजू शकते, नियम म्हणजे नियम. बशीचं मला आजही समजत नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही. देव नाही असं काही मला वाटलं नाही, तेवढा विचारच केला नाही. तुमचा देव तुम्हाला लखलाभ, एवढंच म्हणायची.

मग आई गेली, साखरेने तुमचे डोळे नेले, आणि तुम्हाला सांभाळायला नेमकी मीच उरले. मी सगळं केलं. न्हाऊ घातलं, इन्सुलिन टोचलं, चादरी बदलल्या. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही, त्यातही माझा तोराच होता. तुम्ही संध्याकाळी म्हणायचात, "बाई, एक स्तोत्र वाच की." मी खुर्ची ओढून बसायची आणि वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचायची. अगदी प्रार्थनेच्या सुरात. वैराग, तूर. माळशिरस, मका. कांदा, प्रत एक, प्रत दोन. तुम्हाला स्तोत्रं तोंडपाठ होती, काय चाललंय हे पहिल्या ओळीलाच कळलं असणार. तुम्ही हात जोडून शेवटपर्यंत ऐकायचात आणि म्हणायचात, "आमेन." मी स्वयंपाकघरात जाऊन हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "वाच की." तुम्ही गेलात त्या आठवड्यातही मी कांदाच वाचला. तुमचा तो आमेन क्षमेचा होता की मला लाजवण्यासाठी होता, हे मला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. मी तुमची लेक आहे, मला अंदाज आहे.

चर्चमध्ये परत आले ते कुणाच्या उपदेशाने नाही. गेल्या उन्हाळ्यात ऑफिसच्या डब्यासाठी सँडविच करत होते. कडा कापल्या, सवयीने एक चहात बुडवली, आणि खाण्याआधी माझे डोळे आपोआप मिटले, ओठ जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखे हलले. मला स्वतःचाच राग आला. तरी त्या रविवारी गेले, मागच्या बाकावर बसले. मग दर रविवारी. आता सकाळी मी प्रार्थना करते, अण्णा. खरोखर करते, आणि कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. तुम्हाला आनंद होऊ नये म्हणून हे लिहायचं टाळत होते.

पद्धत अजून तीच आहे. दूर गेलेल्याने मंडळीपुढे उभं राहून कबुली द्यायची, मगच तबक. पाळक तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "ताई, कुणाविषयी मनात अढी असेल तर आधी मिटवून या." त्याच मावशी आता काठी टेकत येतात. माझा हात धरून म्हणाल्या, "तुजा बाप लई देवमाणूस हुता बग." मी व्हय म्हणाले.

उद्या उभी राहीन तेव्हा बाजारभावांचं सांगणार आहे, सगळ्यांसमोर. बशीचं सांगणार नाही. ही क्षमा समजू नका. घरात विश्वासाने कळलेलं चव्हाट्यावर न्यायचं नाही, एवढंच मी तुमच्याकडून उलट शिकले.

तुकडे कापून झाले, फडक्याखाली झाकलेत. कडा बशीत आहेत, अजून हात लावलेला नाही. हे पत्र सुरीच्या डब्यात तळाशी ठेवेन. पाळकांना मी सांगून आलेय, अढी मिटली. खोटं सांगितलं, आहे तशी आहे. तरी उद्या तबक समोर आलं की मी हात पुढे करणार. मला भूक लागली आहे, अण्णा.