काच मुरेपर्यंत

कुरुम, मस्कत
२ फेब्रुवारी २०१४

ती. आईस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तृप्ती वाचून दाखवेलच. मधले टोमणे तिच्या पदरचे.

मी इथे काय करतो, विचारलंस. केसाएवढ्या काचेच्या तंतूत लेसरने आतल्या आत बारीक रेघा उमटवतो. तो तंतू तेलविहिरीत सोडला की खाली कुठे तापलंय, कुठे ताण आलाय, ते वर बसून कळतं. पण काच आधी दोन आठवडे हायड्रोजनमध्ये मुरवावी लागते. बाहेर काढली की चार दिवसांत रेघा ओढायच्या, नाहीतर वायू उडून जातो. तुझ्या आंबोळीच्या पिठासारखंच. कालच मुरत घातली. रेघा झाल्या की खलास, थेट घरी. छातीतल्या दुखण्याचं डॉक्टरांना सांग.

माया आहेच, रागावतही जा.
तुझा रुपेश

चिपळूण
११ फेब्रुवारी

प्रिय दादा,
जयभीम. टोमणे मी घातले आणि आईला तेवढेच आवडले. ती ठीक आहे. विहिरीच्या पोटातलं कळणाऱ्याला अजून स्वतःच्या पोटाला वेळेवर जेवण घालणं कळत नाही, म्हणते. काम आटपूनच ये.

तुझी तृप्ती

कुरुम
६ मार्च

प्रिय तृप्ती,
जयभीम. आईचं पुण्यानुमोदन उरकून इथे परत आलो, तर पोस्टबॉक्समध्ये तुझं पत्र. आई ठीक आहे म्हणे. मी ते वाचलं आणि क्षणभर मला खरंच वाटलं.

तिला हॉस्पिटलात ठेवल्याचं तू तेव्हाच का नाही कळवलंस? तिच्या शेवटच्या आठवड्यात मी तुला दोनदा फोन केला होता. तुझा फार राग आलाय.

रुपेश

चिपळूण
१७ मार्च

प्रिय दादा,
राग कर, पण वाच. ते पत्र मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून लिहिलं. तुला बोलवायला फोन हातात घेतला होता, तो तिने काढून घेऊन उशीखाली ठेवला. तुझं पत्र तिने पुन्हा पुन्हा वाचून घेतलं होतं. म्हणाली, त्याचं पीठ आंबलंय, आता त्याला हलवू नका, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. शपथ घातली. मी ती मोडायला हवी होती.

आता आपण दोघंच आहोत. पत्र बंद करू नकोस.
तुझी तृप्ती

कुरुम
२८ मार्च

प्रिय तृप्ती,
राग गेला. तुझं काही चुकलं नाही.

काच बाहेर काढली त्याच सकाळी लेसर बंद पडला. अर्बाब, म्हणजे आमचे मालक, रोज म्हणायचे, इन्शाल्ला उद्या. हायड्रोजन उडून गेला, एक रेघ उमटली नाही. आई गेल्याचा तुझा फोन येईपर्यंत ते सगळे दिवस मी रिकामा बसून चहा पीत होतो.

हे आईला सांगू नकोस, असं आत्ता लिहून गेलो होतो. खोडलंय.

तुझा दादा