खोलीचे तापमान अठ्ठावीस

१२ एप्रिल २००४, सोमवार

अठ्ठावीस! छत्तीस वह्या तपासल्या आणि छत्तीसच्या छत्तीस वह्यांत खोलीचे तापमान अठ्ठावीस. तपासताना माझा घाम टपटप त्याच वह्यांवर पडत होता. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तापमापक त्रेचाळीस दाखवतो.

वर्गात विचारलं, हा गारवा कोणी अनुभवला? चंपत उभा राहिला. "मॅडम, सीनियरच्या वहीत तसंच हाय." सीनियरने त्याच्या सीनियरची उतरवली. म्हणजे आमचं पॉलिटेक्निक निघाल्यापासून केमिकल इंजिनिअरिंगच्या एकाही पोराला आदिलाबादेत उकडलेलं नाही!

वेळापत्रकात माझ्या विषयाचं नाव 'तांत्रिक संवाद कौशल्य'. इंग्रजीत अहवाल लिहिणं, तोंडी परीक्षेत बोलणं वगैरे. मुलं त्याला 'बोलायचा तास' म्हणतात.

१३ एप्रिल

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — जे पाहिलं तेच लिहा. बाकी काही शिकवलं नाही. एवढं आलं तरी गंगेत घोडं न्हालं.

घरी बाबांना सांगितलं तर ते हसायला लागले. तहसील दफ्तरात तीस वर्षं काढलेला माणूस. "मिसलमध्ये, सरकारी फायलीत, लिवलं ते खरं, बाई. मेला म्हून लिवलं तं समोर उभा असला तरी मेला."

१९ एप्रिल

विभागप्रमुख माणिकराव सरांनी बोलावून घेतलं. "मॅडम, तुमी इंग्रजी शिकवा, रीडिंग आमी पाहून घेऊ. एक्झामिनर येऊन राह्यला. त्याच्याजवळ उत्तर लिवलेलं असते. नाही जुळलं तं पोरांचे मार्क जातेत. ते कोण देईन, तुमी?"

'बरं सर' म्हणून बाहेर आले. घरी आल्यावर तीन उत्तरं सुचली, तिन्ही फक्कड.

२२ एप्रिल

पस्तीस जण शहाणे निघाले, पुन्हा अठ्ठावीसवर. एकटी द्वारका राहिली.

ही इचोड्याच्या पलीकडच्या खेड्यातली. घरी कापूस-ज्वारीची शेती, घरात मराठी, शाळा तेलुगूतून. इंग्रजीत बोल म्हटलं की ओढणीचं टोक चावत बसते. प्रयोग असा — ॲसिटोन उकळायचं, त्याची वाफ काचेच्या नळीतून न्यायची, नळीभोवती टाकीचं पाणी खेळवून ती थंड करायची आणि थेंब थेंब परत मिळवायचं. शंभरातले पंच्याऐंशी मिलीलिटर मिळाले पाहिजेत असं पुस्तक म्हणतं. बाकी सगळ्यांना पंच्याऐंशीच मिळाले. द्वारकेला एकसष्ट. खाली तिने स्वतःच्या इंग्रजीत चार वाक्यं लिहिली होती. खोली त्रेचाळीस. टाकीचे पाणी एकेचाळीस. वाफ पळून जाते. सगळ्या खोलीत वास येतो.

वाचून मी खुर्चीतून उठलेच. बरोबर तर आहे! गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापते, ते पाणी कसली वाफ थंड करणार? इतक्या वर्षांत हे कोणाला दिसलं नाही, कारण वहीत कायम हिवाळा. एवढा चांगला अहवाल मी या कॉलेजात पाहिलेला नाही. लगेच सही केली.

२९ एप्रिल

कळलं की परीक्षक हैदराबादचे, एका रसायन कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि त्यांना एक अप्रेंटिस हवा आहे. मुलांमध्ये एकच धावपळ. चंपतने नवा शर्ट शिवायला टाकला.

संध्याकाळी द्वारका आली. "मॅडम, एकसष्टचे पंच्याऐंशी करू काय? नापास झाली तं घरचे म्हणतीन, बस झालं शिकणं. बुलावून घेतीन मले."

नको करू, म्हटलं. अगदी ठासून म्हटलं. ती गेल्यावर मनात आलं. मला काय जातंय सांगायला? नापास झालीच तर ती होणार, गावी परत तीच जाणार. मी पुढच्या वर्षीही इथेच फळ्यावर मोठी अक्षरं काढत असेन. भीती वाटते आहे.

३ मे

द्वारकेला कँटीनच्या गयाबाईसमोर उभं करून बोलायला लावलं. सगळं इंग्रजीत. गयाबाईने भजी तळता तळता शेवटपर्यंत ऐकलं. "काय बोलली ते नाही समजलं बाप्पा. पण काऊन चावून राह्यली ते फडकं?"

द्वारका खळखळून हसली. नंतरच्या वेळी ओढणी मागे बांधली.

५ मे

उद्या. जेवण गेलं नाही.

६ मे

उकाड्यामुळे दार उघडंच ठेवलं होतं, म्हणून व्हरांड्यातून सगळं दिसलं आणि ऐकू आलं.

परीक्षक रुमालाने मान पुसत होते. चंपतला विचारलं, खोलीचं तापमान? नव्या शर्टाची पाठ ओलीचिंब. "ट्वेंटी एट, सर." परीक्षकांनी रुमाल पिळून दाखवला. चंपतसुद्धा हसला.

मग द्वारका. एकसष्टच का? तिचा हात ओढणीकडे गेला, पण ओढणी मागे बांधलेली. मग आवाज आला — "सर, वॉटर इज हॉट. व्हेपर गोज." आणि तिने सरळ जाऊन नळ सोडला. "सर, प्लीज टच."

त्यांनी धारेत बोटं धरली आणि मागे घेतली. म्हणाले, आमच्याकडेही मे महिन्यात असंच होतं आणि पाळीवरचे लोक बिनदिक्कत डिसेंबरचे आकडे लिहितात. मला आकडे लिहिणारा नको, पाहणारा हवा.

माणिकराव सर पटकन पुढे झाले. "आमीच सांगून ठेवलं होतं सर, जे दिसते ते लिवा म्हून."

घ्या! पण आज त्यांना सगळं माफ.

७ मे

अप्रेंटिस द्वारका! प्राचार्यांनी नोटीस लावली. मी ती तीनदा वाचली, एकदा मोठ्याने. बाबा म्हणाले, "आता कागदावर आलं, आता खरं."

१० मे

द्वारका निरोप घ्यायला आली. पाया पडली, उठली, पण जाईना.

"मॅडम, एक सांगू? त्या दिवशी पाण्याचा थर्मामीटर माह्या हातून पहिलेच फुटला होता. सरले सांगाची हिंमत नाही झाली. मंग हातच घालून पाह्यला. घरी समद्यांचं आंघोळीचं पाणी मीच काढतो, हाताले समजते."

"अगं, मग एकेचाळीस कशाला लिहिलंस? तसंच लिहायचं होतंस."

"हातानं पाह्यलं, हे रिपोर्टात कसं लिवाचं ते तुमी शिकवलंच नाही, मॅडम."